माजघरातील अंधार आणि स्त्रियांची हाडे

वसईचा इतिहास लिहू लागणारा लेखक बहुधा किल्ल्यापासून प्रारंभ करतो. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला. एवढे सांगून झाले की इतिहासाचे काम संपले, अशी आपली समजूत आहे. त्या तटांच्या आसऱ्याने ज्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या पाण्याच्या घागरी, भाजीच्या पाट्या आणि मासळीच्या टोपल्या डोक्यावरून वाहत आल्या, त्यांच्याविषयी कागदपत्रे मुकी आहेत. तथापि मनुष्याच्या देहात एक दप्तर असे आहे की, कारकुनाने नोंद केली नाही म्हणून ते कोरे राहत नाही. ते दप्तर म्हणजे हाडे. कोणी काय खाल्ले, किती ऊन सोसले, किती ओझे वाहिले, किती बाळंतपणे काढली, या सर्वांचा जमाखर्च हाडांत मांडलेला असतो. आणि स्त्रियांच्या बाबतीत तो हिशेब उतारवयात, एखाद्या सकाळी न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर, एकाएकी पुढे येतो.

खुब्याचे हाड मोडून अंथरुणास खिळलेली एखादी वृद्ध स्त्री ज्याच्या नात्यात वा शेजारात नाही, असे कुटुंब आमच्या वसई-विरारच्या परिसरात विरळा. अशा प्रसंगी घरोघर एकच वाक्य ऐकू येते: ‘वयच झाले होते.’ सांत्वनास हे वाक्य ठीक आहे. कारण म्हणून मात्र ते अपुरे आहे. वय तर घरातल्या वृद्ध पुरुषाचेही झालेले असते. त्याचा खुबा इतक्या सहजी मोडत नाही. तेव्हा वयाखेरीज आणखी काही घडलेले असले पाहिजे, आणि ते घडण्यास काही अंशी घरही कारण झालेले असले पाहिजे. घर स्त्रीच्या हाडांचे काय करते, या प्रश्नाचा महाराष्ट्रात एकदा फार नेमका विचार झाला होता. तो पाहण्यासाठी मात्र समुद्रकाठ सोडून, घाट चढून नाशिकास गेले पाहिजे.

१९२१ साली ग्लासगो येथील एका वैद्यकीय मासिकात हचिसन आणि पटेल या दोन डॉक्टरांचा नाशिक शहरातील मुडदुसाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी हचिसन आणि शहा यांचा दुसरा, अधिक विस्तृत निबंध इंग्लंडातील एका त्रैमासिकात आला. मुडदूस म्हणजे वाढत्या वयातील हाडे मऊ राहून शरीराच्या भाराने वाकण्याचा विकार. हाच विकार वाढ पुरी झाल्यावर जडला तर त्यास अस्थिमृदुता म्हणतात. नाशिकच्या मुडदुसाची विलायतेत कोणास चिंता पडावी, असे आज वाटेल. परंतु त्या वेळी या विकारावरून तिकडे पंडितांत मोठे दोन पक्ष पडले होते. लंडनचे मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांना ठराविक आहारावर ठेवून त्यांना मुडदूस आणला होता, आणि कॉड माशाच्या तेलाने तो टळतो असे १९१९ साली दाखविले होते. यावरून दोष अन्नाचा, असा त्यांचा निष्कर्ष. ग्लासगोचे फिंडले व त्यांचे अनुयायी म्हणत, दोष कोंडून राहण्याचा; हवा आणि हालचाल नाही म्हणून हाडे वाकतात. या दोहोंच्या बाजूला तिसरा एक विचार उपेक्षित पडला होता. जपानात मिशनरी डॉक्टर म्हणून राहून आलेल्या पाम यांनी १८९० सालीच निरनिराळ्या देशांतील माहिती गोळा करून, जेथे ऊन भरपूर तेथे मुडदूस नाही, असे सांगितले होते. बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी १९१९ साली कृत्रिम दिव्याच्या अतिनील किरणांनी मुडदूस झालेली मुले बरी केली, तेव्हा कोठे त्या विचाराकडे लोकांचे लक्ष गेले.

या वादात नाशिकची साक्ष मोलाची ठरली, आणि का ठरली हे समजून घेण्याजोगे आहे. युरोपातील शहरांत मुडदूस हा गरिबांचा रोग होता. परंतु तेथील गरिबाच्या वाट्यास निकृष्ट अन्नही येई आणि काळोखी गल्लीही येई. दोहोंपैकी खरा अपराधी कोण, हे निवडता येत नसे. नाशिकात ही दोन कारणे आपोआप वेगळी झालेली होती. येथे गरिबाचे अन्न निकृष्ट होते, परंतु त्याचे जिणे उघड्यावर होते. बायका दिवसभर शेतात वा कामावर राबत, आणि त्यांची तान्ही मुले जवळच मोकळ्या हवेत पडलेली असत. त्या मुलांत मुडदूस जवळजवळ नव्हताच. उलट सुखवस्तू मुसलमान आणि उच्चवर्णीय हिंदू घरांत, जेथे दूधदुभत्याला तोटा नव्हता, तेथील मुले अर्धवट काळोखाच्या आतल्या खोल्यांत वाढत आणि त्यांच्यात हा रोग सर्रास आढळे. मुलगी बारा वर्षांच्या सुमारास लग्न होऊन सासरी गेली की ती पुन्हा आतच. आणि मग, हाडे अजून घडावयाची असता, तिला उशिराचा मुडदूस वा अस्थिमृदुता जडे. ज्या घरांना समाज भाग्यवान म्हणत होता, त्याच घरांतल्या लेकीसुनांची हाडे मऊ होत होती.

इंग्रजी निबंधांत या सर्वांस ‘पडदा’ असा एकच शब्द वापरण्याची रीत होती. महाराष्ट्रातील बहुतेक हिंदू घरांत उत्तरेसारखा पडदा नव्हता, हे खरे; तेवढ्यावरून आपले लोक आपणांस पुढारलेले समजत. परंतु ज्याने जुना वाडा पाहिला आहे त्यास माजघर ठाऊक आहे. ओसरीला उजेड, दिवाणखान्याला खिडक्या, आणि माजघराला भिंतीतले कोनाडे! त्यापलीकडे स्वयंपाकघर, तेथे चुलीचा धूर. आणि त्याच्याही पलीकडे बाळंतिणीची खोली, जिची खिडकी वारा लागू नये म्हणून बंद ठेवलेली, खाली शेगडी पेटलेली. पडदा नसतानाही उजेड अडविण्याची एवढी सिद्धता आपल्या घरबांधणीने केलेली होती. घरातील विधवेची गोष्ट तर बोलावयासच नको. तिला उन्हात जाण्यास निमित्तही उरत नसे.

अन्न की ऊन, हा वाद पुढे लवकरच मिटला, आणि कोणताच पक्ष पुरता हरला नाही. पहिल्या महायुद्धाने उपासमारीस आणलेल्या व्हिएन्नात हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १९१९ ते १९२२ या काळात दाखवून दिले की, मुडदूस झालेले मूल कॉडच्या तेलानेही बरे होते आणि उन्हानेही. अमेरिकेत मॅकॉलम यांनी १९२२ साली त्या तेलातील गुणकारी द्रव्य अ जीवनसत्त्वाहून निराळे असल्याचे सिद्ध केले. तेच ड जीवनसत्त्व. त्वचेतील एका स्निग्ध द्रव्यावर सूर्याचे अतिनील किरण पडले म्हणजे ते शरीरात आपोआप तयार होते. या शोधाशी निगडित रसायनशास्त्रीय कार्याबद्दल विंडाउस यांस १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ड जीवनसत्त्वावाचून अन्नातील कॅल्शियम आतड्यांतून रक्तात पुरेसे उतरत नाही. मग पुढे दूध आहे, तूप आहे, आणि हाड उपाशी आहे, अशी नाशिकच्या वाड्यांतली अवस्था होते.

मऊ झालेल्या हाडांची सर्वांत क्रूर शिक्षा स्त्रीस बाळंतपणी भोगावी लागे. कटीची हाडे वाकून वाट अरुंद झाली की मूल अडे. काश्मिरात काम केलेल्या कॅथलीन व्हॉन या डॉक्टर बाईंनी १९२८ साली या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. श्रीनगरातील पडद्यातल्या स्त्रियांची अडलेली बाळंतपणे आणि तेथीलच होड्यांवर उघड्या उन्हात राहणाऱ्या नावाडिणींची सुलभ बाळंतपणे, हा भेद त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यानंतर वर्षभरातच आपल्या मुंबईच्या डॉ. रखमाबाईंनी पडदा नाहीसा करण्याच्या आवश्यकतेवर इंग्रजीत लेख लिहिला. बालपणी लावून दिलेले लग्न नाकारून ज्यांनी न्यायालयात झुंज दिली, आणि लंडनात शिकून १८९४ साली वैद्यकीची पदवी मिळविली, त्याच या रखमाबाई. सुरत आणि राजकोट येथे त्यांचे सारे आयुष्य स्त्रियांच्या रुग्णालयांत गेले. बंद दारांआड स्त्रीच्या देहाचे काय होते, हे त्यांस कोणी पुस्तकातून सांगण्याची गरज नव्हती. रखमाबाईंस विलायतेस जाण्यास ज्यांनी हात दिला त्या कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या नावाचे, स्त्रिया व मुले यांकरिता बांधलेले आरोग्यधाम नाशिकजवळच होते, हा योगायोग ध्यानात राहण्यासारखा आहे.

येथपर्यंतची कथा मऊ हाडांची झाली. परंतु आज आमच्या घरांतील आजी पडतात त्या केवळ हाडे मऊ झाल्यामुळे नव्हे, हा भेद येथे स्पष्ट केला पाहिजे. एक विकार अस्थिमृदुतेचा; त्यात हाडाचा सांगाडा असतो, पण त्यात चुना नीट भरत नाही. दुसरा अस्थिसुषिरतेचा, त्यात हाड जातीने चांगलेच असते, परंतु मुळात उरते थोडे. वाळवीने पोखरलेल्या वाशासारखे ते बाहेरून अखंड दिसते आणि आतून जाळी झालेले असते. वृद्धत्वात हे दोन्ही एकाच स्त्रीच्या अंगी असू शकतात.

या दुसऱ्या विकाराचा इतिहास निराळा आहे. वय वाढेल तसे मोडलेले हाड सांधण्यास अधिक काळ लागतो, हे सुश्रुतास ठाऊक होते; तरुणपणी एक महिना, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन, असे प्रमाण त्याने सांगितले आहे. डब्लिनचे कॉलिस यांनी १८१४ साली मनगटाच्या ज्या मोडीचे वर्णन केले ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हातावर पडलेल्या प्रौढ स्त्रियांत ती नित्य दिसते. लंडनचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य ॲस्टली कूपर यांनी १८२२ च्या सुमारास नमूद केले की, पदपथाच्या कडेवरून पाय घसरण्याइतक्या क्षुल्लक कारणाने वृद्धांचा खुबा मोडतो, आणि त्यांत स्त्रिया अधिक असतात. अधिक का, याचे उत्तर मिळण्यास मात्र आणखी सव्वाशे वर्षे लागली. बॉस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी १९४० व १९४१ साली आपल्या रुग्णांची छाननी केली, तेव्हा पाठीचे मणके खचलेल्या साठी-पासष्टीच्या आतील रुग्णांपैकी जवळजवळ सगळ्याच ऋतुनिवृत्ती झालेल्या स्त्रिया आहेत असे त्यांस आढळले.

त्याचे कारण आज बरेच उलगडले आहे. हाड ही दगडासारखी निर्जीव वस्तू नव्हे. जुने हाड खरवडून काढणाऱ्या आणि नवे भरणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी त्यात जन्मभर खपत असतात. तिशीच्या सुमारापर्यंत भरणाऱ्यांची सरशी असते. जो काही साठा व्हावयाचा तो तोवर होतो. स्त्रीच्या शरीरातील ईस्ट्रोजेन हा अंतःस्राव खरवडणाऱ्या पेशींस आवरून धरतो. ऋतुनिवृत्तीनंतर तो आवर सुटतो आणि पुढची काही वर्षे हाड भराभर झिजते. पुरुषाच्या आयुष्यात असा कडा नाही. त्याची उतरण हळूहळू असते. म्हणून वृद्धपणी खुबा मोडणे न मोडणे हे तीन गोष्टींवर ठरते: तरुणपणी साठविले किती, उतारवयात घालविले किती, आणि शेवटी पडणे झाले की नाही. ईस्ट्रोजेनचे ओसरणे निसर्गाचे आहे. साठवण आणि पडणे, ही दोन्ही पुष्कळशी घराच्या हातची आहेत.

आता पुन्हा वसईकडे वळू. नाशिकच्या निबंधातील कष्टकरी स्त्री आमच्या किनाऱ्यावर शतकानुशतके नांदत होती. निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी येथील वाड्यांतून केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुले होत. विहिरीवर रहाट आणि बावखलातील पाणी यांवर ती जगत. या कामात सामवेदी, वाडवळ आणि इतर समाजांच्या स्त्रियांचा हात पुरुषांच्या बरोबरीचा असे. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून सुकेळी करावयाची, तो उद्योगही उन्हाचाच. १८६७ साली विरारहून मुंबईस जाणारी आगगाडी सुरू झाली, आणि पुढे तीच वसईच्या भाजीच्या आणि फुलांच्या पाट्यांची वाट झाली. अर्नाळा, नायगाव आणि पाचूबंदर येथील कोळणींचे तर विचारूच नये. बोंबील दोरांवर टांगणे, सुकट आणि जवळा वाळूवर पसरणे, आणि मग टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणे; यात सकाळचे, दुपारचे आणि सायंकाळचे, तिन्ही प्रहरांचे ऊन आले. डोक्यावरचे ओझे मानेपासून टाचेपर्यंत प्रत्येक हाडावर दाब देते, आणि दाब पडला म्हणजे हाड भरते, हे आजचे शरीरशास्त्र सांगते. काट्यासकट खाल्लेली बारीक मासळी हा कॅल्शियमचा साठाच. आणि ज्यांच्या ताटात नाचणीची भाकरी होती त्यांना शंभर ग्रॅम नाचणीमागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळत होते, जे त्याच वजनाच्या तांदळाच्या कैक पट आहे.

हे वाचून ‘जुन्या बायकांची हाडे लोखंडाची होती’ असे उद्गार काढण्याचा मोह वाचकांस होईल. तो आवरावा, अशी आमची विनंती आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास हिंदुस्थानात सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. ती सरासरी मुख्यत्वे बालमृत्यूंनी खाली ओढली होती हे खरे. तरीही सत्तरी पाहणाऱ्या स्त्रिया त्या मानाने थोड्या होत्या, आणि ज्या होत्या त्या मुळातच कणखर म्हणून उरल्या होत्या. ज्या दहा-अकरा बाळंतपणांत खचून चाळिशीतच गेल्या त्यांची हाडे सत्तरीत कशी राहिली असती, ही परीक्षा कधी झालीच नाही. शिवाय, कष्ट आणि ऊन असले म्हणजे पुरे, हेही खरे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न व त्यांचे सहकारी यांनी कनिष्ठ उत्पन्नाच्या स्त्रियांच्या हाडांची घनता मोजून २००५ साली जे प्रसिद्ध केले, त्यात या राबणाऱ्या स्त्रियांची हाडे कमी वयातच विरळ झालेली आढळली. पोटात नाही, मग हाडात कोठून येणार? आपल्या सर्व जातींत आणि धर्मांत, वाड्यात आणि झोपडीत सारखीच आढळणारी एक रीत आहे: सर्वांचे उरकल्यावर उरलेसुरले खाऊन उठणे. दूध मुलांना, दही पुरुषांना, आणि चहापुरते तिला. नाशिकच्या डॉक्टरांनी माजघरातील अंधार पाहिला; या शेवटच्या पंगतीतील ताट मोजण्याचे काम पुढच्यांवर राहिले होते.

आज वसईच्या त्या वाड्यांपैकी पुष्कळ जागी इमारती उभ्या आहेत. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत बारा लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. २०१४ पासून हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात आहे. वाडीतली सून सदनिकेत राहावयास गेली, तिचे कष्ट हलके झाले, याचे आम्हांस वाईट वाटत नाही. डोक्यावरची पाटी उतरली हे चांगलेच झाले. परंतु पाटीबरोबर ऊनही उतरले. नोकरी करणारी स्त्री पहाटेच्या गाडीने जाते आणि दिवे लागल्यावर परतते. घरी राहणारी स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये दिवस काढते. सज्जाला काच बसविलेली असते, आणि काचेतून ऊब येते, उजेड येतो, पण ड जीवनसत्त्व घडविणारे किरण येत नाहीत. आमच्या त्वचेचा सावळा वर्ण त्या किरणांस आणखी थोडा अडसर करतो, म्हणून गोऱ्या माणसास पुरेल तेवढे ऊन आम्हांस पुरत नाही. कोकणचा पावसाळा चार महिने आकाश झाकतो, ते निराळेच. पन्नास वर्षांपूर्वीचे घर माजघराविषयी निदान प्रामाणिक होते. ते अंधारे दिसे. आजचे माजघर लख्ख उजळलेले असते, म्हणून ते ओळखू येत नाही.

या देशात ऊन एवढे, तेव्हा येथे ड जीवनसत्त्वाची वाण पडणारच नाही, अशी वैद्यकातही दीर्घकाळ समजूत होती. २००० साली दिल्लीतील डॉक्टर गोस्वामी व त्यांचे सहकारी यांनी धडधाकट माणसांचे रक्त तपासून ती मोडून काढली. उघड्यावर कवायत करणारे सैनिक त्यातल्या त्यात बरे निघाले. रुग्णालयात काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि गर्भवती स्त्रिया यांच्यात कमतरता मोठी होती. नाशिकच्या निबंधानंतर ऐंशी वर्षे लोटली होती, आणि साक्ष तीच होती.

आता उपायांविषयी. या क्षेत्रात उत्साहाच्या लाटा अनेक येऊन गेल्या आहेत. ऑलब्राइट यांच्यानंतर ईस्ट्रोजेन हेच औषध, अशी अनेक दशके श्रद्धा होती. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात असे दिसले की, त्याच्या संयुक्त गोळीने खुब्याच्या मोडी कमी होतात खऱ्या, परंतु स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो. तेव्हापासून ते जपून दिले जाते. हाडे खरवडणाऱ्या पेशींस आवरणारी ॲलेंड्रोनेटसारखी औषधे १९९५ पासून उपलब्ध झाली, आणि ज्यांस ती खरोखर हवीत त्यांस ती उपयोगी पडतात. ड जीवनसत्त्वाविषयीही अतिरेक झालाच. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या स्त्रियांस वर्षातून एकदा पाच लाख एककांची एकच मात्रा देऊन पाहिली. २०१० साली निष्कर्ष आला तो असा की, त्या स्त्रिया अधिक पडल्या आणि त्यांची हाडे अधिक मोडली! शेजारणीने घेतले म्हणून आपणही इंजेक्शन टोचून घेणाऱ्या आमच्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. नित्य, बेताचे आणि वैद्यास विचारून, एवढाच यातला मार्ग.

आहाराचे गणित मात्र साधे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीस रोज १००० मिलिग्रॅम आणि ऋतुनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सुचविले आहे. पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास मिळते. उरलेले दही, नाचणी, तीळ, पालेभाजी, आणि ज्यांस चालते त्यांस काट्यासकट मांदेली वा सुकट, यांतून जुळवावे लागते. चहात घातलेले दोन चमचे दूध यात धरू नये. २०१८ सालच्या नियमांनुसार अ आणि ड जीवनसत्त्वे मिसळलेले दूध व तेल मिळते, आणि त्यावर निळी खूण असते; ती पाहून घेण्यास काही जास्त श्रम पडत नाहीत. दुपारच्या उन्हात हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसणे, हे आमच्या शिष्ट समाजात स्त्रियांस अजून संकोचाचे वाटते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शतकापूर्वी आपल्या संस्थानातील मुलींसही सूर्यनमस्कार घालावयास लावले, तेव्हा पुष्कळांनी त्यांस हसून घेतले होते. आज डॉक्टर वृद्ध स्त्रियांस जिने चढणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे, एका पायावर तोल सांभाळणे असे व्यायाम सांगतात, आणि पुष्कळ घरांत ‘आता या वयात कशाला’ म्हणून सूनच सासूच्या हातातली पिशवी काढून घेते. प्रेमाने केलेल्या या उपकारात हाडांचे भले नाही.

पडण्याविषयी एक-दोन गोष्टी लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण येथे खर्च थोडा आणि लाभ मोठा आहे. नव्या घरांतून चकचकीत फरशी न्हाणीघरापर्यंत नेण्याची हौस आली आहे. ओल्या पायाखाली ती साबणासारखी होते. खरबरीत फरशी, भिंतीला धरावयास दांडी, बसून अंघोळ करावयास टिकाऊ स्टूल, आणि रात्री शौचास उठावे लागते तेथपर्यंत एक मंद दिवा; यांतले काहीही सोन्याच्या बांगडीइतके महाग नाही. मोतीबिंदू पिकला असता शस्त्रक्रिया पुढे ढकलणे, झोपेची गोळी सवयीने घेणे, झिजलेल्या तळव्याची चप्पल वापरणे, यांनी जितके खुबे मोडतात तितके निव्वळ दुर्दैवाने मोडत नाहीत. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचांतले एक माणूस वर्षाच्या आत दगावते, आणि जी वाचतात त्यांतली पुष्कळ पूर्वीसारखी आपल्या पायांवर हिंडूफिरू शकत नाहीत. अशा वेळी हाडवैद्याच्या पट्टीवर दिवस घालविण्यापेक्षा शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया करून रुग्णास उठवून बसविणे हेच आज हिताचे मानले आहे.

परंतु खुब्याच्या कितीतरी आधी हाड एकदा सूचना देते, आणि तीच आमच्याकडे वाया जाते. पन्नाशी-पंचावन्नची स्त्री उंबऱ्यास अडखळून हातावर पडते, मनगट मोडते, सहा आठवड्यांनी प्लास्टर निघते, आणि पुन्हा पोळ्या लाटता येऊ लागल्या म्हणजे सर्वांस हायसे वाटते. हाड एवढ्याने मोडले कसे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. हाडांची घनता मोजणारी क्ष-किरणांची बिनवेदनेची तपासणी १९८७ च्या सुमारास प्रचारात आली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली, तरुण स्त्रियांच्या सरासरीहून अडीच प्रमाण-विचलनांनी खाली असलेल्या घनतेस अस्थिसुषिरता म्हणावे, असे ठरवून दिले. प्लास्टर काढावयास गेलेल्या दिवशीच त्या तपासणीविषयी डॉक्टरांस विचारता येते. उंची दोन-तीन बोटे कमी झाली असेल, पाठीस पोक येऊ लागले असेल, दम्यासाठी वा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉईड घेतले असेल, आईचा खुबा मोडला असेल, तर तेही त्याच वेळी सांगावे. कारण स्वतः त्या स्त्रीस विचारले तर ती म्हणणार, ‘मला काही होत नाही, तुम्ही जेवून घ्या.’